एकीत फसले, दुसरीत खऱ्यालाच चोर म्हटलं

प्रश्न: नमस्कार ताई, गेल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर दोन जाहिराती आल्या. एक शुगरच्या नव्या औषधाच्या रिसर्चची, भाग घेणाऱ्याला 15 हजार मिळणार म्हणे, वर डॉक्टरचा फोटो आणि तीन सिंहांची मुद्रा. सासऱ्यांना शुगर आहे म्हणून त्यांचं नाव दिलं, रजिस्ट्रेशनचे 799 भरले, त्या दिवसापासून नंबर बंद. दुसरी एका पीएचडी करणाऱ्या मुलीची, नुसता गूगल फॉर्म, जीमेलचा पत्ता, शुद्धलेखनाच्या चुका. ती फ्रॉड म्हणून मी ग्रुपवर सगळ्यांना सावध केलं, तर ती आमच्याच वाड्यावरच्या बाईंची भाची निघाली! खरी कोणती नि खोटी कोणती हे सामान्य माणसाला कळतं तरी का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: जाहिरात बघून नाही कळत हो, मलाही नाही कळत. फसवणाऱ्याकडे डिझाइन करायला भरपूर वेळ असतो आणि खऱ्या रिसर्चवाल्या पोरांकडे ना वेळ ना पैसा, म्हणून खरीच जाहिरात बऱ्याचदा जास्त गबाळी दिसते. आपण मासळी बाजारात बांगडा नुसत्या चकाकीवर घेतो का, कल्ला उघडून बघतोच ना, तसा इथेही उघडून बघायचा.

औषधाची ट्रायल असेल तर तिचा कल्ला म्हणजे सीटीआरआय, म्हणजे आपल्या देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही. 2007 साली सुरू झाली आणि 15 जून 2009 पासून औषधांच्या ट्रायलची नोंद तिथे करावीच लागते. वेबसाइट कुणालाही फुकट बघता येते. जाहिरातवाल्याकडे नोंदणी नंबर मागा, पण त्याने पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका, साइट स्वतः उघडून शोधा. नंबर सापडला म्हणून लगेच हुरळून जायचं नाही, खऱ्या ट्रायलचा नंबर चोरून कोणीही छापू शकतो. नोंदीत मुख्य डॉक्टरचं नाव, कुठकुठल्या हॉस्पिटलात चाललंय, भरती अजून चालू आहे की संपली, सगळं लिहिलेलं असतं ते जुळवून बघा. बांबोळीच्या जीएमसीचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं, नाव घातलं असेल तर जीएमसीचा नंबर आपण शोधून फोन लावा, जाहिरातीतला नको. (आणि नोंद आहे म्हणजे सरकारने औषध चांगलं म्हटलं असं मुळीच नाही, ती फक्त नोंद.)

त्या पीएचडीवाल्या मुलीसारखा साधा सर्व्हे असेल तर तो सीटीआरआयवर बहुधा नसतोच, म्हणून नसला की खोटा असंही नाही. तिथे गाइड कोण, डिपार्टमेंट कुठलं, एथिक्स कमिटीची (भाग घेणाऱ्यांना त्रास होऊ नये हे बघणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का एवढं विचारायचं आणि कॉलेजात फोन करून खात्री करायची. खरा माणूस अशा प्रश्नांनी चिडत नाही, उलट त्याला ते सांगावंच लागतं, संमतीपत्र वाचायला वेळ द्यावा लागतो आणि मधेच नको वाटलं तर सोडायची मोकळीक पण द्यावी लागते. "आज संध्याकाळपर्यंत सीट बुक करा" म्हणणारा संशोधक मी तरी बघितला नाही.

आणि पैसे! ट्रायलमध्ये नाव घालायला फी भरायची नसते, तिकडूनच येण्याजाण्याचा खर्च वगैरे मिळतो. तो द्यायला यूपीआय आयडी मागितला तर समजू शकतं, पण पैसे घेताना पिन टाकावाच लागत नाही, ओटीपी तर कुणालाच द्यायचा नाही.

तुमचे 799 गेले ते परत येतीलच असं नाही, तरी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, बँकेलाही कळवा. खरं तर हे त्याच दिवशी करायला हवं होतं, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात कधी कधी. सासऱ्यांचे रिपोर्ट किंवा आधारचा फोटो पाठवला असेल तर तेही तक्रारीत लिहा.

त्या मुलीचा फॉर्म अजून चालू असेल तर आधी तुम्ही भरा, आणि मग त्याच ग्रुपवर लिहा की ती खरी आहे, चूक माझी झाली.