प्रश्न तुमचे: बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं फिजिक्स

प्रश्न : लंबकाच्या प्रयोगात आमच्या बॅचची जीची (गुरुत्वत्वरणाची) किंमत १०.८ आली. मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये सगळ्यांची ९.८१ आहे. सर म्हणतात, आलं तेच लिहा. खरं लिहिलं तर मार्क जाणार नाहीत का? (विद्यार्थी, अमळनेर)

उत्तर : सरांचं ऐका. १०.८ हा आकडा खोडायचा नाही, वाचायचा असतो, कारण चूक कुठे झाली ते तो स्वतःच सांगतो. स्टॉपवॉच दाबलं आणि त्याच क्षणी ‘एक’ म्हटलं, तर ‘वीस’ म्हणेपर्यंत प्रत्यक्षात १९ आंदोलनंच झालेली असतात. तुम्ही वेळेला २०नं भागता, म्हणून आवर्तकाल (एका आंदोलनाचा वेळ) ५ टक्के कमी येतो. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग छेदात असल्यानं जीची किंमत जवळजवळ ११ टक्के वाढते आणि ९.७९ ऐवजी १०.८५ मिळते. प्रयोग पुन्हा करा. बटण दाबताना ‘शून्य’ म्हणा, आणि बटण गोळा मधल्या जागेवरून जाताना दाबा, टोकाला असताना नाही. टोकाला गोळा रेंगाळतो, तिथे नेमका क्षण पकडता येत नाही. मध्ये तो सर्वांत वेगात असतो. मागे भिंतीवर खडूची एक उभी रेघ मारून ठेवली तर काम सोपं होतं.

किंमत ९.६९च्या आसपास आली, तर लांबी तपासा. १ मीटर लांबी फक्त दोऱ्याची मोजली आणि गोळ्याची १ सेंटिमीटर त्रिज्या मिळवायची राहिली, की बरोबर १ टक्का घट येते. झोका मोठा दिला तरी किंमत कमी येते: ३० अंशांना सुमारे साडेतीन टक्के, १० अंशांना अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून झोका १० अंशांच्या आत ठेवा आणि रीडिंग घेताना पंखा बंद करा. एप्रिलच्या उकाड्यात जिवावर येतं, पण दोन मिनिटांचाच प्रश्न आहे.

आता ९.८१विषयी. ही साधारण ५० अंश अक्षांशाकडची किंमत आहे. जळगाव २१ अंशांवर आहे, इथे जी ९.७९च्या जवळ असतो. आख्ख्या बॅचचं उत्तर ९.८१ आलं, तर परीक्षकांना शंका यायलाच हवी. शिवाय १ मीटरच्या लंबकाची २० आंदोलनं ४० सेकंदांत होतात. बटण दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले तर वेळेत अर्धा टक्का आणि जीमध्ये १ टक्का फरक पडतो. त्यामुळे ९.७ ते ९.९ मधलं कोणतंही उत्तर चांगलंच. ते ९.८ ± ०.१ असं लिहा. कॅल्क्युलेटरनं दाखवलं म्हणून ९.८१२६ लिहिणं चूक, कारण शेवटचे तीन आकडे तुम्ही मोजलेलेच नाहीत.

एकाच लांबीवर थांबू नका. ६० ते ११० सेंटिमीटरमध्ये सहा लांब्या घ्या आणि आवर्तकालाचा वर्ग विरुद्ध लांबी असा आलेख काढा. चढ मीटरमागे ४.०३ सेकंद वर्गाच्या आसपास यायला हवा. रेघ ओढूनताणून आरंभबिंदूतून नेऊ नका. त्रिज्या मिळवायची राहिली असेल तर रेघ थोडी वर सरकते, पण चढ तोच राहतो आणि जीची किंमत बरोबर निघते. म्हणजे तुमची चूक पोटात घेऊनही आलेख खरं उत्तर देतो. मला या प्रयोगातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

रीडिंग थेट पेननं लिहा. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, व्हाइटनर लावू नका आणि त्याच दिवशी सही घ्या. जुन्या जर्नलवरून उतरवलेली रीडिंग एरंडेल तेलाच्या प्रयोगात तर हमखास उघडी पडतात. एरंडेलाची विष्यंदिता (वाहायला होणारा विरोध) ३० अंश सेल्सिअसला सुमारे ०.४५ पास्कल-सेकंद असते, तर ४० अंशांना सुमारे ०.२३. डिसेंबरचे आकडे एप्रिलच्या तारखेखाली बसतच नाहीत. तापमान प्रत्येक वेळी लिहा.

प्रश्न : कापूस वेचणीच्या दिवसांत मुलाला दहा-बारा दिवस घरी थांबावं लागतं. हजेरीचं कसं होईल? (पालक, शिंदखेडा तालुका)

उत्तर : बहुतेक ठिकाणी अट ७५ टक्क्यांची असते. तुमच्या कॉलेजचा नियम प्रॉस्पेक्टसमध्ये बघून घ्या. हिशेब असा : थिअरीच्या १ क्रेडिटला १५ तास, म्हणजे २ क्रेडिटच्या पेपरला ३० तासिका. त्यात ७ चुकल्या तरी चालतं. प्रॅक्टिकलच्या १ क्रेडिटला ३० तास. २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल ४-४ तासांचं असेल तर टर्ममध्ये १५च वेळा होतं, आणि त्यात ३च चुकवता येतात. बारा दिवसांत थिअरीच्या चारेक तासिका आणि प्रॅक्टिकलच्या दोन वेळा जातील. म्हणजे बसतं, पण पुढे ताप आला किंवा एस.टी. चुकली तर हातात काही उरत नाही.

खरी अडचण हजेरीपेक्षा जर्नलची आहे. ठरलेले प्रयोग पूर्ण नसतील तर जर्नल सर्टिफाय होत नाही, आणि त्याशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला सहसा बसू देत नाहीत. मुलानं वेचणीला जाण्याआधीच मॅडम-सरांना लेखी सांगावं आणि ते दोन प्रयोग दुसऱ्या बॅचबरोबर आधी करून घ्यावेत. नंतर सांगितलं तर ती मांडणी टेबलावरून उचललेली असते.

प्रश्न : घरी अहिराणी, दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजीतलं लेक्चर डोक्यावरून जातं. (विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर : वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने करा : वर्गात ऐकलेला शब्द, मराठी शब्द, एकक. मोमेंटम म्हणजे संवेग, किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. मोमेंट ऑफ फोर्स म्हणजे बलाचं आघूर्ण, न्यूटन-मीटर. ऐकायला दोन्ही सारखे वाटतात, पण एककं वेगळी असल्यानं घोळ होत नाही.

जास्त फसवतात ते ओळखीचे शब्द. मार्केटात कापसाचं ‘वजन’ १ क्विंटल म्हणतात, पण फिजिक्समध्ये ते वस्तुमान झालं, १०० किलोग्रॅम. वजन म्हणजे त्यावरचं गुरुत्वबल, इथे सुमारे ९७९ न्यूटन. लेक्चरच्या आदल्या रात्री पुढच्या भागाची फक्त शीर्षकं आणि आकृत्या बघून जा, वीस मिनिटं पुरतात. आणि प्रश्न मराठीतून विचारा, विचारायला अजिबात लाजू नका.

प्रश्न : गणिताची रीत बरोबर असूनही उत्तर चुकतं. (विद्यार्थी, भुसावळ)

उत्तर : दिलेली माहिती, सूत्र, किमती घालणं, एककासह उत्तर हे सगळं वेगवेगळ्या ओळींवर लिहा, म्हणजे उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात. सेंटिमीटरचे मीटर आधीच करून घ्या. आणि पेपर सुरू होताच कॅल्क्युलेटरवर साइन ३० काढून बघा. ०.५ आलं तर ठीक. उणे ०.९८८ आलं तर तो रेडियनवर आहे, ०.४५४ आलं तर ग्रेडवर (दोन्ही कोन मोजायची वेगळी एककं). मोड बदला आणि मगच पहिलं गणित सोडवा.