"बिडी ओढायचो, आता लोकांकडे पैसे कुठल्या तोंडाने मागू?"

मी समुपदेशनाचं काम करते. फुप्फुसाच्या कॅन्सरचे पेशंट किंवा त्यांच्या घरचे माझ्याकडे आले की थोडं इकडचं तिकडचं बोलून गाडी एकाच जागी येते, "मॅडम, लोक पहिलं हेच विचारतात, ओढायचे का?" दुसरा कुठला कॅन्सर असला की लोक आधी अरेरे म्हणतात, इथे आधी चौकशी. मग मदत मागायची वेळ आली की अख्खं घर गप्प. हे इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांना विचारलंय, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

काका एसटीतले रिटायर्ड ड्रायव्हर, सांगलीकडचे. खोकला आधी काही महिने टीबी म्हणून चालला, गोळ्यासुद्धा सुरू झाल्या (आपल्याकडे हे फार होतं, एक्सरेत डाग दिसला की आधी टीबीच आठवतो), मग सीटी, बायोप्सी आणि निदान. मुलगी पुण्यात नोकरीला. तिने मदतीसाठी व्हॉट्सॲप मेसेज तयार केला, वडिलांना वाचून दाखवला, आणि तेव्हापासून काका तिच्याशी बोलेनात. म्हणून ती त्यांना घेऊन माझ्याकडे आली.

मेसेज मी वाचायला मागितला. वरच लिहिलेलं, 'माझ्या बाबांना आयुष्यात कुठलंही व्यसन नव्हतं.'

"समद्या डेपोला म्हायती हाय मॅडम," काका म्हणाले, "पंचवीस वर्षं बिडी वडलीय मी. आन ही लिवतीया व्यसन नव्हतं. हसतील की लोकं."

"खरं लिहिलं तर एक रुपया देणार नाही कुणी," मुलगी.

"दिऊच नये. माझं मी लावून घेतलंय. माझ्या बिडीचं पैसं लोकांनी का भरायचं?"

आता बघा, वरवर ही दोघं भांडतायत, पण दोघांच्या मनात पक्कं बसलेलं वाक्य एकच आहे, की ज्याची चूक त्याला मदत मागायचा हक्क नाही. त्याच्यापायी मुलगी चूक लपवत होती आणि काका मदत नाकारत होते. माझा पिंड मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर पोसलेला, त्यामुळे काय घडलं यापेक्षा माणूस त्या घडण्याबद्दल स्वतःला काय बजावत बसलाय ते मी आधी शोधते, आणि बहुतेक वेळा गाठ तिथेच सापडते.

मला सांगता आलं असतं की काका, एकट्या बिडीचं काय घेऊन बसलात, डिझेलच्या धुराला 2012 मध्ये आणि बाहेरच्या प्रदूषित हवेला 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने कॅन्सरकारक ठरवलंय, तुमची हयात डिझेलच्या धुरात गेली. सगळं खरं आहे, पण ती फक्त सुटका झाली असती. काका सुटका मागत नव्हतेच, स्वतःला शिक्षा देत होते. म्हणून तो विषय सोडला आणि नोकरीचं विचारलं. ड्युटीवर असताना रस्त्यात अपघात बघितलाय का कधी?

माणूस खुलला एकदम. रातराणी घेऊन निघालेले, कराडच्या पुढे एक मोटारसायकलवाला पडलेला. "कंडक्टर आन मी उचलला, मागल्या शिटावर आडवा टाकला. पॅसिंजर वरडत हुते उशीर हुतोय म्हणून. म्या गाडी वळवली, थेट सिव्हिल. वास भक्कन येत हुता त्याच्या तोंडाचा."

"म्हणजे प्यायलेला होता?"

"टाईट."

"मग चूक त्याचीच की."

"आवो असं कसं मॅडम, रगत जात हुतं त्याचं!"

इथे मी काहीच बोलले नाही. नवीन शिकणाऱ्यांना मी कायम सांगते, अशा वेळी तोंड बंद ठेवता आलं पाहिजे, नाहीतर तुम्ही पटकन 'म्हणजेच काका...' करून त्यांच्या तोंडचा घास काढून घेता. काका बराच वेळ टेबलावरच्या त्या मोबाईलकडे बघत राहिले. मग मुलीला म्हणाले, "ती वळ काढ. मी सांगतो तसं लिव."

आणि सांगितलं ते असं: 'मी अमुक डेपोचा रिटायर ड्रायव्हर. बिडी ओढत होतो, आता सोडली. फुप्फुसाचा कॅन्सर आहे. सरकारी योजनेत बसेल ते बसवलंय, वरच्या खर्चाला मदत पाहिजे. जमेल त्याने द्यावी, न जमेल त्याने वाईट वाटून घेऊ नये.' माझ्याकडून एका शब्दाची भर नाही.

पैसे पुरते नाही जमले, पण बरेच जमले, डेपोतून जास्त. एका नातेवाईकाने 'बिडीला पैसे होते' असं लिहिलंच. काकांनी उत्तर दिलं, 'होते. आता नाहीत.'

आता ज्यांना असा मेसेज टाकायचाय त्यांच्यासाठी. घरात खरंच कुणी कधी ओढलेली नसेल तरी 'निर्व्यसनी होते हो' हे भांडवल करू नका. मला माहितीये ते लिहायचा मोह होतो, न ओढणाऱ्यांनाही हा कॅन्सर होतोच, आणि माहिती म्हणून ते जरूर सांगा. पण मदतीचं कारण म्हणून ते पुढे केलंत की वॉर्डातल्या शेजारच्या बेडवरचा माणूस आपोआप मदतीला नालायक ठरतो.

मेसेजच्या आधी हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेटा, हे लोक वगळतात आणि सगळ्यात जास्त उपयोग तिथेच असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, मुख्यमंत्री सहायता निधीला अर्ज कसा करायचा, खर्चाचं अंदाजपत्रक, रेल्वेची कॅन्सर पेशंटची सवलत, परळला टाटाला जाणार असाल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत सोय होते का, सगळं त्यांना विचारा. मग उरलेला आकडा मागा. शक्यतो पैसे थेट हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या खात्यात जाऊ द्या, भाच्याच्या जीपेवर नको. नळ्या लावलेला फोटो टाकायचा असेल तर आधी पेशंटला विचारा, तो शुद्धीत असतो आणि ग्रुपवर तोही असतो.

काकांना पुढे ट्रायलबद्दल, म्हणजे उपचारांची चाचणी घेणाऱ्या अभ्यासात भाग घेण्याबद्दल, विचारलं गेलं तेव्हा पुन्हा घरात धसका, आपल्यावर प्रयोग करतायत म्हणून. त्यांना मी टाटा हॉस्पिटलचाच अभ्यास सांगितला, 2020 मध्ये छापून आलेला. ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असलेले फुप्फुसाच्या कॅन्सरचे 350 पेशंट होते, निम्म्यांना नुसती जेफिटिनिबची गोळी आणि निम्म्यांना गोळी अधिक केमो, तर आजार आटोक्यात राहायचा काळ 8 महिन्यांवरून 16 महिन्यांवर गेला. त्रासही जास्त झाला, तेही सांगितलं. हे कळलं कारण ते 350 जण हो म्हणाले. भाग घ्यायचा की नाही ते पेशंटच्या हातात असतं आणि मध्येच बाहेरही पडता येतं.

आणि औषधाच्या किमतीबद्दल बोलायला फक्त डॉक्टरच लागतात असं नाही. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने ब्लड कॅन्सरच्या ग्लिवेक औषधाच्या पेटंटला, म्हणजे ते एकट्या कंपनीनेच विकायच्या हक्काला, विरोध केला, 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टात कंपनी हरली. फुप्फुसाच्या कॅन्सरला लागणाऱ्या ओसिमर्टिनिब आणि दुर्वालुमॅब या औषधांवरची कस्टम ड्युटी 2024 च्या बजेटमध्ये गेली, नंतर जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. औषधं अजून महागच आहेत, पण मागितल्याशिवाय काही हलत नाही. काका ऐकून म्हणाले, "म्हंजी युनियन केली म्हणा की." तेच.

एक राहिलं. उरलेल्या पैशांचं काय करणार ते मेसेजमध्येच लिहा. काकांनी डेपोतल्या पुढच्या पेशंटसाठी असं लिहायला लावलं होतं. नाहीतर माणूस जातो आणि खात्यातल्या पैशांवरून भावाभावांत जुंपते, अशी घरं मी बघितलीयेत.