लेकीला अंतराळ परिषदेला पाठवू का?

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगी आठवीला आहे, गावातल्याच मराठी शाळेत. 23 ऑगस्टला शाळेत राष्ट्रीय अंतराळ दिनाचा कार्यक्रम झाला, चांद्रयान उतरतानाचा व्हिडिओ दाखवला. तेव्हापासून तिच्या तोंडी इस्रोशिवाय दुसरा विषय नाही. मागच्या आठवड्यात एका खासगी संस्थेचं पत्रक आलं. शालेय मुलांसाठी आंतरराष्ट्रीय अंतराळ परिषद, सोबत इस्रोच्या केंद्राची भेट आणि प्रमाणपत्र. शुल्क 38 हजार. पुढे इस्रोत घेताना हे प्रमाणपत्र कामाला येईल, असं फोनवर सांगतात. छाटणीच्या तोंडावर एवढी रक्कम काढणं जड आहे, पण लेकीसाठी काढीन. पाठवू का? आणि तिला नाशिकच्या इंग्रजी शाळेत घालावं का? एकटी पोर एवढ्या लांब पाठवायची, याचीही काळजी वाटते.

उत्तर : दादा, नमस्कार. ते 38 हजार भरू नका. इस्रोत नोकरीसाठी किंवा इस्रोच्या शिक्षणसंस्थेत प्रवेशासाठी अशा प्रमाणपत्राला एकही गुण नाही. फोनवर तुम्हाला जे सांगितलं ते खोटं आहे. सहल म्हणून कोणी पैसे देऊन गेलं तर माझी ना नाही, पण करिअरच्या नावाखाली शेतकऱ्याच्या घरातून छाटणीचे पैसे जावेत याचा मला फार राग येतो. अशी पत्रकं मला आता दर महिन्याला दिसतात.

मुळात परिषद म्हणजे काय ते सांगते. अंतराळ विज्ञानाची आपल्याकडची मोठी परिषद म्हणजे राष्ट्रीय अंतराळ विज्ञान परिसंवाद. इस्रोच्या पाठबळाने तो साधारण दोन वर्षांनी होतो. जानेवारी 2019 मध्ये तो पुणे विद्यापीठात झाला आणि 2024 मध्ये गोवा विद्यापीठात. वातावरण, आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर), सूर्य, ग्रह, दूरचे तारे अशा विषयांची वेगवेगळी सत्रं असतात. तिथे जाण्यासाठी काही महिने आधी आपल्या संशोधनाचा सारांश पाठवावा लागतो. तो स्वीकारला गेला तर भाषणाला थोडी मिनिटं मिळतात, नाहीतर पोस्टर लावायला जागा मिळते. नाशिकची एक मुलगी एम.एस्सी. करताना पुण्याच्या परिसंवादाला पोस्टर घेऊन गेली होती. परत आल्यावर तिने मला सांगितलं, ‘मॅडम, एक वयस्कर शास्त्रज्ञ वीस मिनिटं माझ्या एकाच आलेखासमोर उभे होते. यात चूक किती धरलीस आणि ती कशावरून धरलीस, एवढंच विचारत राहिले.’ परिषदेतली खरी कमाई ही. ज्याच्याकडे स्वतःचा आलेख आहे, त्यालाच ती मिळते. आठवीच्या मुलीला मोठ्या सभागृहात तीन दिवस बसवून ती मिळणार नाही.

आता इस्रो स्वतः शाळकरी मुलांसाठी काय करते ते बघा. सगळ्यात महत्त्वाचा आहे ‘युविका’, म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम. तो 2019 मध्ये सुरू झाला. नववीच्या मुलांना मे महिन्याच्या सुट्टीत सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात ठेवून घेतात, शास्त्रज्ञ स्वतः शिकवतात, प्रयोगशाळा दाखवतात. शुल्क नाही. मुलांचा प्रवास, राहणं आणि जेवण इस्रो पाहते. एकटीला पाठवायची काळजी तुम्ही लिहिली आहे, तर इथे मुली मोठ्या संख्येने जातात आणि सगळी व्यवस्था सरकारी केंद्राच्या देखरेखीखाली असते.

निवड कशी होते, हे तुमच्या दोन्ही प्रश्नांशी जोडलेलं आहे, म्हणून नीट वाचा. गेल्या काही वर्षांच्या नियमांप्रमाणे निम्मा भार आठवीच्या गुणांना असतो. थोडा भार ऑनलाइन प्रश्नमंजूषेला, काही विज्ञान प्रदर्शनाला, ऑलिंपियाडला, खेळाला, स्काउट-गाईडला. आणि 15 टक्के भार पंचायत क्षेत्रातल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना. म्हणजे तुमची लेक आत्ता ज्या शाळेत बसते, त्याचंच तिला वजन आहे. फक्त इस्रोसाठी म्हणून तिला आत्ता नाशिकला हलवलंत, तर हे वजन जाईल आणि वर रोजचा एसटीचा प्रवास तिच्या अभ्यासाचे तास खाईल. शाळा बदलायला दुसरं सबळ कारण असेल तर गोष्ट वेगळी. इंग्रजीची भीती मात्र खरी आहे, कारण पुढचं सगळं वाचन इंग्रजीत आहे. त्यासाठी शाळा बदलायला नको. इस्रोच्या संकेतस्थळावर बऱ्याच मोहिमांच्या माहितीपुस्तिका आहेत. रोज एक पान, शब्दकोश शेजारी ठेवून. दहावीपर्यंत तिची भीती जाईल.

वर्षांचं गणित असं. अर्ज करणाऱ्या मुलाने त्या वर्षीच्या 1 जानेवारीला नववीत असावं लागतं. तुमची लेक येत्या जूनमध्ये नववीत जाईल, म्हणजे तिचा अर्ज त्याच्या पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण ज्या गुणांवर निम्मी निवड आहे, ते गुण ती या वर्षी मिळवते आहे. प्रथम सत्राची परीक्षा दिवाळीआधी आहे, हे तिच्या कानावर घाला.

खरी सूचना ओळखायची कशी? पत्ता बघा. सरकारी संकेतस्थळाचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा होतो. ‘इस्रोच्या सहकार्याने’ असं कुणी छापलं असेल, तर तो कार्यक्रम इस्रोच्या संकेतस्थळावर आहे का ते शोधा. नसेल, तर मुख्याध्यापकांकडून इस्रोला ईमेल करायला लावा. इस्रोने ‘स्पेस ट्यूटर’ म्हणून नोंदणी केलेल्या काही संस्था आहेत आणि त्यातल्या काही मनापासून काम करतात, म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजू नका. पण नोंदणीची खात्री करून घ्या.

आपल्या हाताशी काय आहे? 4 ते 10 ऑक्टोबर हा जागतिक अंतराळ सप्ताह. 4 ऑक्टोबर 1957 ला पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक उडाला आणि 10 ऑक्टोबर 1967 ला अंतराळ करार लागू झाला, त्या दोन तारखांमधला हा आठवडा. अहमदाबादच्या इस्रो केंद्राकडे ‘स्पेस ऑन व्हील्स’ नावाची फिरती प्रदर्शन-बस आहे. तिची मागणी शाळेने करायची असते. तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा. एकट्या तुमच्या घरातून 38 हजार जाण्यापेक्षा गावातल्या दोनशे मुलांना बस बघायला मिळाली तर किती बरं! नाशिकचं यशवंतराव चव्हाण तारांगण तर घरचंच आहे. सापुताऱ्यामार्गे अहमदाबादला कधी जाणं झालं, तर तिथलं विक्रम साराभाई अंतराळ प्रदर्शन बघा.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र खोडद. ती इस्रोची नाही, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रेडिओ खगोल केंद्राची आहे. पुणे रस्त्याने संगमनेर, आळेफाटा ओलांडून नारायणगावला जायचं आणि तिथून आत वळायचं. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना त्या शेतांमध्ये पसरल्या आहेत. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे विज्ञान मेळा भरतो, गावोगावच्या शाळा प्रयोग मांडतात आणि शास्त्रज्ञ मराठीत उत्तरं देतात. ऊस-कांद्याच्या रानात उभं राहून मुलं दीर्घिकांबद्दल विचारतात, ते एकदा तिला बघू द्या.

आणि आता जे मला खरं सांगायचं आहे ते. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने ज्वालामुखीची प्रतिकृती करू नये. तिच्याकडे तुमची बाग आहे. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश भरपूर परत पाठवतं. उपग्रह हा फरक मोजतो आणि त्यावरून खाली हिरवाई किती ते कळतं. युरोपच्या अंतराळ संस्थेच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी नवी. त्यात एक ठिपका जमिनीवरच्या 10 बाय 10 मीटरचा असतो. म्हणजे एकराला चाळीस ठिपके. दोन एकर बाग असेल तर ऐंशी ठिपक्यांत ती मावते. इस्रोचं ‘भुवन’ हे नकाशांचं संकेतस्थळही 2009 पासून खुलं आहे, तिथे आधी आपलं शिवार शोधायला शिकावं.

छाटणीनंतर बाग उघडी पडते, मग डोळे फुटून कोवळा पोंगा निघतो, मग काड्या आणि पानं. हे सगळं वरून कसं दिसतं? दोन ओळींमधली माती त्याच ठिपक्यात मिसळते, मग आकडा किती फसवतो? ढगाळ दिवसांचं काय करायचं? डावण्या (बुरशीचा रोग) आलेला कोपरा चित्रात वेगळा दिसतो का? हे प्रश्न आठवीच्या मुलीला विचारता येतात आणि शास्त्रज्ञही जवळपास हेच विचारतात. शिवाय उपग्रहाच्या आकड्याला जमिनीवरचा पुरावा लागतो. तो तुमच्या वहीत आहे : छाटणी, फवारणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), थिनिंग (मण्यांची विरळणी), सगळ्यांच्या तारखांसकट. त्या वहीसाठी संशोधक गावोगाव हिंडतात. शाळेतल्या संगणकाच्या सरांना सोबत घ्या. पहिल्या वर्षी नीट जमलं नाही तरी चालेल, एप्रिलची खरड छाटणी आहेच.

पुढची वाट आत्ता ठरवायची गरज नाही, म्हणून थोडक्यात. तिरुअनंतपुरमला 2007 पासून अंतराळ विभागाची स्वतःची शिक्षणसंस्था आहे, तिथल्या बी.टेक.चा प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डवरून होतो. भौतिकशास्त्र आवडलं तर नाशिकलाच बी.एस्सी. करून पुढे एम.एस्सी. आणि पीएच.डी. करता येते. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा त्यासाठी नावाजलेली. इस्रो अभियंते परीक्षेने घेते, आणि डिप्लोमा, आयटीआय झालेल्यांनाही घेते, हे आपल्याकडे फार कमी पालकांना ठाऊक असतं. आदित्य-एल1 हे यान पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर उभं राहून सूर्य बघतंय. 2023 मध्ये ते उडालं तेव्हा त्या प्रकल्पाच्या संचालक असलेल्या निगार शाजी तमिळनाडूतल्या सेंगोट्टै या छोट्या गावच्या, शेतकरी घरातल्या. हे तिला जरूर सांगा.

तुमची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, अजून व्हायची आहे ना? मग या आठवड्यातच तिला उपग्रहाचं पहिलं चित्र उतरवून ठेवायला सांगा. छाटणीआधीच्या भरल्या बागेचं चित्र हाताशी नसेल, तर पुढचं काहीच ताडून बघता येणार नाही. चित्राखाली तारीख तिच्या हाताने लिहायची आणि छाटणीच्या दिवशी तुमच्या वहीतली नोंदही तिलाच करू द्या.