आखाजीचा डाव, कोरा चेक आणि हातातले नऊ दिवस

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहते. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझे यजमान मळ्यात तीन पत्ती खेळायला बसले. हरत गेले आणि डाव चालवणाऱ्याकडूनच तिथल्या तिथे उसने घेत गेले. पुढे त्याच माणसाने मोबाईलवर क्रिकेटच्या सट्ट्याची आयडी काढून दिली. सगळे मिळून 1 लाख 80 हजार झाले, व्याज महिन्याला शेकडा दहा. त्यातले 60 हजार आम्ही फोनवरून फेडले. त्याने यांच्या सहीचे दोन कोरे चेक ठेवून घेतले होते. एकावर 4 लाख 20 हजार लिहून बँकेत टाकला, तो परत गेला. सहा दिवसांपूर्वी वकिलाची नोटीस आली. आता तो रोज दारात येऊन सासऱ्यांना म्हणतो, अर्धा एकर लिहून द्या, नाहीतर पोराला जेलात घालतो. पैसे द्यावेच लागतील का? पोलिसांत गेलो तर यांनाच धरतील का?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी नोटीस. ती हातात पडल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात तो फौजदारी कोर्टात तक्रार दाखल करू शकतो. तुमचे सहा दिवस गेले, नऊ उरले. नोटिशीला उत्तर न देणं हा गुन्हा नाही. पण गप्प बसलात, तर पुढे कोर्टात तुम्ही जे सांगाल ते मागाहून रचलेलं वाटेल. म्हणून या नऊ दिवसांत वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने उत्तर गेलंच पाहिजे.

चेक कोरा होता, रक्कम त्याने भरली, एवढ्यावर सुटका होत नाही. सही तुमच्या यजमानांची आहे, त्यामुळे चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं कोर्ट गृहीत धरून चालतं. सही करून दिलेल्या कोऱ्या चेकलाही हे लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली स्पष्ट केलं आहे. गावोगाव लोक इथेच फसतात. मात्र हे गृहीतक खोडता येतं. चेकच्या मागे कायद्याने वसूल होण्याजोगं देणं असेल तरच चेक न वटल्याबद्दलचा कलम 138 चा गुन्हा होतो, आणि तुमच्या प्रकरणात तसं देणंच नाही.

करार कायदा 1872 चा. त्याचं कलम 30 सांगतं की पैजेचा करार रद्दबातल आहे, जिंकलेले पैसे कोर्टातून मागता येत नाहीत. यावर सावकार म्हणेल, मी पैज लावली नाही, मी फक्त उसने दिले. देशाच्या बऱ्याच भागांत हा मुद्दा टिकला असता. पण आपला खान्देश जुन्या मुंबई इलाख्यातला, आणि त्या इलाख्यासाठी 1865 चा एक छोटा कायदा आहे. जुगाराला मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून केलेला करार आणि त्यासाठी घेतलेलं तारण किंवा हमी, दोन्ही त्याने रद्दबातल ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली पैजेच्या करारांवर निकाल दिला, तेव्हा मुंबईकडचा हा फरक नोंदवला होता. इतका जुना कायदा आजही एखाद्या घराला उपयोगी पडतो, हे मी मुद्दाम सांगतोय. कारण नोटिशींना दिलेल्या उत्तरांत तो क्वचितच दिसतो.

यात ‘जाणूनबुजून’ हा शब्द कळीचा. त्याला माहीत नव्हतं असं तो म्हणू शकत नाही, डाव त्याचा आणि आयडीही त्याचीच. पण ते दिसलं पाहिजे. आखाजीच्या रात्री कोणत्या वेळी किती पैसे आले-गेले ते बँकेच्या खातेउताऱ्यावर असेल, तो काढा. व्हॉट्सॲपवरचे मेसेज, आयडीचे स्क्रीनशॉट, त्याचे कॉल, काहीही पुसू नका. लाजेपोटी यजमान फोन साफ करतील, तेवढं आधी थांबवा.

तीन पत्ती हा कौशल्याचा खेळ आहे, असंही कोणी सांगेल. रमीत कौशल्य मोठं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली मान्य केलं. त्याच निकालात तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा आहे असंही म्हटलं आहे.

तुम्ही दिलेले 60 हजार फार महत्त्वाचे आहेत. काही रक्कम फेडल्यावरही चेकवर तशी नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकला, तर कलम 138 चा गुन्हा होत नाही, असा 2022 चा निकाल आहे. म्हणून फोनवरून दिलेल्या प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम उत्तरात आली पाहिजे.

आता व्याजाचं. महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याप्रमाणे सावकारी करायला परवाना लागतो. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि अशा सावकाराच्या बाजूने कोर्ट वसुलीचा हुकूमनामा देत नाही. फक्त एकदाच एकाला उसने दिले, ही सावकारी ठरत नाही. तो धंदा करतो हे दिसावं लागतं. गावात त्याच्या वहीत आणखी नावं असतीलच. ती घरं पुढे आली तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे एकत्र तक्रार द्या. एकट्याची तक्रार दबते.

पोलिसांबद्दल तुम्हाला खोटा धीर देणार नाही. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात अड्डा चालवणारा गुन्हेगार आहे, तसा तिथे बसून खेळणाराही. आखाजीची परंपरा आहे म्हणून त्यातून सूट नाही. स्वतःच्या घरात, कोणी नाल, म्हणजे डाव चालवणाऱ्याचा हिस्सा, न काढता भाऊबंद पत्ते खेळले तर तो अड्डा होत नाही. मळ्यातला डाव मात्र एक माणूस चालवत होता, तिथे नाल निघत असणारच. म्हणून नोटिशीच्या उत्तरात जुगाराचा उल्लेख किती आणि कोणत्या शब्दांत करायचा, हे वकिलालाच ठरवू द्या. त्याला सगळं खरं सांगा. सट्ट्याच्या आयडीची बाजू वेगळी आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांबद्दल संसदेने केलेल्या कायद्यावर 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. तुमच्यासाठी हा फरक मोठा आहे. आणि दारात येऊन धमकावून जमीन मागणं हा जुगाराहून वेगळा, स्वतंत्र गुन्हा आहे. ती तक्रार सासऱ्यांनी किंवा तुम्ही द्यावी. पुढच्या वेळी तो आला की बोलणं रेकॉर्ड करा.

जमीन लिहून देऊ नका, विसार पावतीसुद्धा नाही. सज्ञान मुलाचं कर्ज फेडायला बाप बांधील नाही. जमीन सासऱ्यांच्या स्वकमाईची असेल तर ते हयात असेपर्यंत मुलाचा तिच्यावर हक्क नाही. वडिलोपार्जित असेल तर सावध राहा. आपल्याकडे सहहिस्सेदार वाटणीआधीही स्वतःचा अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकू शकतो. म्हणजे यजमानांना एकटं गाठून सही घेतली जाण्याची भीती खरी आहे. आजच सातबारा काढा, आणि काही दिवस त्यांना एकटं तालुक्याला पाठवू नका.

मीही आखाजीच्या दुपारी निंबाखाली पत्ते खेळत वाढलो. बहिणी झोक्यावर आणि आम्ही डावात. तेव्हा खिसा रिकामा झाला की माणूस उठायचा. फोनमध्ये बँक आल्यापासून उठायची ती वेळच येत नाही, आणि शेजारी उसने देणारा बसलेला असला तर अजिबातच नाही. त्यामुळे यजमानांना नुसती शपथ घालून भागणार नाही. त्यांच्या खात्याची यूपीआय मर्यादा बँकेत सांगून कमी करून घ्या. केळी-कापसाचे पैसे सासऱ्यांच्या खात्यावर येऊ द्या. 14416 हा सरकारचा मानसिक आरोग्याचा मोफत नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. जळगाव आणि धुळे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही त्यांना दाखवता येईल. जुगाराची ओढ हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. त्यांना वाया गेलेला माणूस म्हणू नका.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर अमळनेर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. तुम्ही स्त्री असल्याने तुमच्या तक्रारीसाठी उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. यजमानांसाठी वर्षाला तीन लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागेल. तलाठ्याकडे सातबारा काढायला जालच, त्याच फेरीत उत्पन्नाच्या दाखल्याला काय कागद लागतात ते विचारून घ्या. वकिलाकडे जाताना नोटीस, ती आली तो लिफाफा, बँकेचा परतीचा मेमो आणि खातेउतारा सोबत न्या. लिफाफा टाकू नका, नोटीस कोणत्या तारखेला मिळाली हे त्यावरून ठरतं.