प्रीमेडसाठी महागडं कॉलेज घ्यावं का?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, सगळ्यांचं ग्रीन कार्ड आहे. मुलगी बारावीत आहे आणि तिला डॉक्टरच व्हायचंय. रटगर्सला, म्हणजे इथल्या राज्याच्या युनिव्हर्सिटीत, अ‍ॅडमिशन मिळालीये, राहणं-खाणं धरून वर्षाला साधारण ३६ हजार डॉलर. दुसरीकडे बॉस्टनचं एक नावाजलेलं प्रायव्हेट कॉलेज, तिथे ९० हजार, त्यातले १५ हजार मेरिट स्कॉलरशिपचे कमी होतात. ह्यांचं म्हणणं की मोठं नाव असलं की मेडिकलला पटकन घेतात, कर्ज काढू. धाकटा नववीत आहे. १ मेपर्यंत कळवायचंय, काय करू? – एक आई

उत्तर: तुमच्या आकड्यांवर मी तरी रटगर्सलाच पाठवीन. फरक वर्षाला ३९ हजारांचा, म्हणजे चार वर्षांत दीड लाखाच्या वर, आणि हा पैसा तुम्हाला पुढे लागणारे. आपल्याकडे बारावी झाली, नीट दिली की एमबीबीएस सुरू, इथे आधी चार वर्षांची डिग्री (मेडिकलची तयारी करत ती करणं म्हणजे प्रीमेड), मग चार वर्षं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं ट्रेनिंग, आणि मोठा खर्च मेडिकल स्कूलचा.

आतापर्यंत लोक म्हणायचे की पुढचं पुढे बघू, कारण ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज होतं, मेडिकल स्कूल सांगेल तेवढा पूर्ण खर्च त्यातून निघायचा. जुलै २०२५ च्या कायद्याने ते १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद केलंय. आता मेडिकलला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख, बस. कितीतरी मेडिकल स्कूल्सची नुसती ट्यूशनच ६० हजारांच्या वर आहे, राहणं-खाणं वेगळं. वरचे पैसे मग प्रायव्हेट कर्जातून आणायचे आणि त्यावर को-सायनर, म्हणजे जामीन, म्हणून बहुतेक तुमचीच सही लागणार. आणि तुमचे मिस्टर आत्ता जे कर्ज काढायचं म्हणतायत, ते पॅरेंट प्लस, म्हणजे आईवडिलांना मिळणारं सरकारी कर्ज, असेल तर तेही आता एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांवर थांबतं, म्हणजे बॉस्टनचा चार वर्षांचा निम्मा फरकसुद्धा त्यातून निघत नाही. शिवाय तीन वर्षांनी दोन्ही मुलं एका वर्षी कॉलेजात असतील, आणि दोघं एकदम शिकत असली की फाफ्सात, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जात, जो फायदा मिळायचा तो २०२४-२५ पासून गेला.

आता नावाचं. मेडिकल स्कूलच्या अर्जात जीपीए, म्हणजे कॉलेजातल्या ग्रेड्सची सरासरी, जातो, त्यात बायॉलॉजी-केमिस्ट्री-फिजिक्स-मॅथचा वेगळा काढतात, आणि तो काढताना कॉलेज अवघड होतं म्हणून कोणी वाढवून देत नाही. त्याच्या जोडीला एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा, पेशंट्सबरोबर घालवलेला वेळ, रिसर्च आणि प्रोफेसरांची पत्रं. दरवर्षी पन्नास हजारांच्या पुढे लोक अर्ज करतात आणि निम्म्याहून कमी आत जातात, तिथे चांगल्या कॉलेजचं नाव थोडं मदत करतं हे मी मान्य करते, पण दीड लाखाची मदत ते करत नाही. 'आमची ९० टक्के मुलं मेडिकलला लागतात' असं कुठलंही कॉलेज म्हणालं तर विचारा की पहिल्या वर्षी प्रीमेड किती होते, शेवटी अर्ज कितींनी केला, आणि कच्च्या मुलांना कमिटी लेटर, म्हणजे कॉलेजचं अधिकृत शिफारसपत्र, नाकारता का. बऱ्याच ठिकाणी तो आकडा गाळूनच तयार होतो.

रटगर्सला त्रास वेगळा आहे आणि तो मुलीला आधीच सांगा. ऑरगॅनिक केमिस्ट्रीसारख्या क्लासला शेकडो मुलं, प्रोफेसर तुम्हाला ओळखत नाहीत, मग पत्र कोण देणार? म्हणून पहिल्याच सेमिस्टरपासून ऑफिस अवर्सना, म्हणजे प्रोफेसर मुलांना भेटायला बसतात त्या वेळेला, जायचं, लाज वाटली तरी जायचं, आणि प्रीमेड मुलांना सल्ला देणाऱ्या हेल्थ प्रोफेशन्स ऑफिसला लवकर भेटायचं. रटगर्सची स्वतःची दोन मेडिकल स्कूल्स आहेत, एक न्यू ब्रन्सविकला आणि एक नेवार्कला, त्यामुळे रिसर्चला लॅब शोधायला लांब जावं लागत नाही.

अजून एक, आणि हे आईवडिलांना बोलवत नाही, पण प्रीमेड म्हणून आलेली खूप मुलं दुसऱ्या वर्षापर्यंत मन बदलतात, आणि त्यात वाईट काही नाही. तिने बदललं तर डोक्यावर कर्जाचा डोंगर नसला की ती मोकळेपणाने बदलू शकेल.

उलटं उत्तर मी कधी दिलं असतं? घरचं उत्पन्न बेताचं असतं तर. प्रिन्स्टनसारखी श्रीमंत कॉलेजं गरज बघून मदत देतात, तीही कर्जाशिवाय, आणि मग प्रायव्हेट कधीकधी राज्याच्या कॉलेजपेक्षा स्वस्त पडतं. ज्यांची मुलं अजून अकरावीत आहेत त्यांनी प्रत्येक कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅलक्युलेटर (मदत वजा जाऊन आपल्याला किती पडेल याचा अंदाज देणारा) आत्ताच भरून बघा.

तुम्ही मात्र ह्याच आठवड्यात बॉस्टनला मदत वाढवून मागणारं पत्र टाका, रटगर्सचा आकडा सोबत जोडा, आणि ते १५ हजार टिकवायला किती जीपीए लागतो हेही लेखी मागा, कारण प्रीमेडचं पहिलं वर्ष जड जातं आणि स्कॉलरशिप तिथेच हातची जाऊ शकते. बॉस्टनचे ७५ हजार (९० वजा १५) ४५ हजारांपर्यंत खाली आले तर मला परत लिहा, मग माझं उत्तर बदलू शकतं.