दादा, मुलाला फुटबॉलसाठी ओहायोला आणताय म्हणून लिहितेय

दादा, तुम्ही विचारलंत की कोलंबसला बदली होतेय, मुलगा आठवीत, दणकट आहे, अमेरिकन फुटबॉलचं वेड आहे, आणि तिकडची पोरं कॉलेज अर्धवट सोडून प्रोफेशनल होतात तर याच्या शिक्षणाचं काय. व्हिसाच्या फीचं वगैरे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते सोडते.

आधी हे की मनात आलं म्हणून सोडता येत नाही. एनएफएलचा, म्हणजे तिकडच्या प्रोफेशनल फुटबॉल लीगचा, नियम आहे, हायस्कूल संपून तीन वर्षं व्हायला लागतात. आमच्या इथल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचा मॉरिस क्लॅरेट, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, 2002 च्या सीझनला, नॅशनल चॅम्पियन झालेल्या टीममधला, तो या नियमावर कोर्टात गेला, आधी जिंकला, मग 2004 मध्येच वरच्या कोर्टात हरला. 2005 च्या ड्राफ्टला (लीगच्या टीम वर्षातून एकदा नवे खेळाडू निवडतात तो) डेन्व्हरच्या टीमने तिसऱ्या राउंडला घेतलं पण लीगची एकही मॅच खेळायला मिळाली नाही त्याला. आणि ड्राफ्टला नाव देऊन मुदतीत मागे घेतलं नाही, की कुणी निवडलं नाही तरी कॉलेज टीमचं दार बंद. आमच्या शेजारच्या मुलाचं असंच झालं, तिसऱ्या वर्षी नाव दिलं, निवड नाही, नंतर गोडाऊनमध्ये रात्रपाळी करायचा.

2021 च्या जुलैपासून खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेता येतात, 2025 पासून कॉलेजं स्वतः पण देतात, त्यामुळे लवकर सोडायची घाई जरा कमी झालीय. पण आपली मुलं एच-फोरवर, म्हणजे आई-वडिलांच्या कामाच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, त्यांना काम करून पैसे घ्यायचे नसतात, आणि एकविसाव्या वर्षी एच-फोरच संपतो, ग्रीन कार्डची रांग तिथेच, मग एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसा, त्यातही हात बांधलेलेच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेचं तर अजून डोक्यात आहे. बऱ्याच कॉलेजांत खेळायला नववीपासूनचे सोळा ठरावीक विषय मोजतात. माझ्या मुलाची नववी साताऱ्यात झाली होती, मी मार्कशीट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेलं, तर इथल्या शाळेतल्या बाई 'सामाजिक शास्त्रे' वर बोट ठेवून विचारतात हा एक विषय की तीन, आठवड्याला किती तास, आणि मराठी हा विषय भाषा म्हणून धरायचा की कशात. मी तीनदा शिक्क्याची कॉपी मागवली. तोवर त्यांनी त्याला गणिताच्या अशा वर्गात बसवलं होतं जो मोजलाच जात नाही, ते अकरावीत कळलं. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा, लेखी घ्या.

एकटेपणाचं विचारलंत, पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते.

आता जे सांगायला बसले ते. कोच म्हणाले होते, छोट्या कॉलेजात ट्रायल देऊ दे, पोराचा पाय चांगला आहे. मी नाही म्हटलं. शेजारच्याकडे बोट दाखवून म्हटलं, असं व्हायचंय का तुला? तो काही बोलला नाही, हेल्मेट काढून शू-रॅकवर ठेवलं आणि जेवायला बसला. आता डॅलसला आहे, नोकरी चांगली आहे, पण सप्टेंबर ते डिसेंबर, कॉलेज फुटबॉलच्या मॅच असतात त्या शनिवारी माझा फोन उचलत नाही, आणि मी कारण विचारत नाही.

शेजारचा तो मुलगा सत्ताविसाव्या वर्षी परत कॉलेजात गेला, मे महिन्यात डिग्री घेतली, त्याची आई स्वतः केक घेऊन आली आमच्याकडे. माझ्या मुलाला हे मी अजून सांगितलेलं नाही.