रॅपरमधला कंट्रोल-सी: दुसऱ्या प्रकल्पातली फाइल उचलू का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: सी लायब्ररीवर पायथनचा रॅपर (सी फंक्शनं पायथनमधून वापरू देणारं वेष्टन) लिहिताय, आतली आकडेमोड लांबली की कंट्रोल-सी दाबूनही काही होत नाही, एका ओपन सोर्स प्रकल्पात यावर तोडगा दिसला, तर ती फाइल सरळ घ्यावी का आणि लायसन्स आडवं येईल का.

लायसन्सचं नंतर बघू. आधी हे सांगतो की मी असा कोड उचलून दोनदा तोंडावर आपटलोय.

कंट्रोल-सी दाबलं की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामला सिग्नल पाठवते. तो आला की पायथनचा सी पातळीवरचा हँडलर, म्हणजे सिग्नल झेलणारं फंक्शन, फक्त खूण करून ठेवतो. प्रोग्राम थांबवणारा कीबोर्डइंटरप्ट हा एक्सेप्शन उठतो तो इंटरप्रिटर पुन्हा बाइटकोडकडे, म्हणजे पायथनच्या सूचनांकडे, वळल्यावर. तुमचं सी फंक्शन दहा मिनिटं परतलंच नाही, तर दहा मिनिटं त्या खुणेकडे कुणी बघत नाही. मग माणूस शोधायला लागतो आणि त्याला सेटजंप-लाँगजंपवाला कोड सापडतो: लायब्ररीत शिरण्याआधी जागा नोंदवायची आणि हँडलरमधून थेट तिथे उडी मारायची.

मीही अशाच चाळीसेक ओळी घेतल्या. मॅकवर झकास चाललं. लिनक्सवर पहिला कंट्रोल-सी लागू पडला, दुसरा दाबला तर ढिम्म. हँडलर चालू असताना तो सिग्नल ब्लॉक असतो, आणि उडी मारून बाहेर पडलं की तो मास्क (ब्लॉक केलेल्या सिग्नलांची यादी) पूर्ववत करायला कुणी उरत नाही. मॅकवरचा साधा सेटजंप मास्क जपून ठेवतो, लिनक्सवरचा ठेवत नाही. सिगसेटजंपला दुसरा आर्ग्युमेंट १ देऊन आणि सिगलाँगजंप वापरून ते मिटलं. तेवढ्यावर मी खूश.

पुढे कधीतरी प्रोग्राम गोठायला लागला. रोज नाही, मधूनच. जीडीबी हा डीबगर लावून पाहिलं तर तो मॅलॉकमध्ये, म्हणजे मेमरी देणाऱ्या फंक्शनमध्ये, कुलपाची वाट बघत बसलेला. उडी नेमकी मॅलॉक चालू असताना पडली होती. कुलूप लावलेलं तसंच राहिलं आणि किल्ली ज्या स्टॅकवर होती तो स्टॅकच गेला! असले बग चाचणीत सापडत नाहीत, वापरणाऱ्याला सापडतात.

म्हणून आधी लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन बघा, थांबवायची सोय तिथेच आहे का. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये चालू क्वेरी तोडायला एसक्यूलाइट३-इंटरप्ट आहे. लिबकर्ल या डाउनलोड-अपलोडच्या लायब्ररीच्या प्रोग्रेस कॉलबॅकमधून (काम चालू असताना ती अधूनमधून बोलावते त्या तुमच्या फंक्शनमधून) साधारणपणे शून्याखेरीज काही परत केलं की ट्रान्सफर एरर ४२ देऊन थांबतं. असा कॉलबॅक मिळाला तर त्यात पायथनच्या पाय-एर-चेकसिग्नल्सला कॉल करा, ते ती खूण तपासतं. शून्य आलं तर पुढे चला, उणे एक आलं तर आवरतं घ्या. जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) हातात हवा, आणि हे मुख्य थ्रेडवरच चालतं, इतर थ्रेडवर ते काही न करता शून्य देतं. लूप तुमच्याच कोडमध्ये असेल तर दर काही हजार फेऱ्यांनी हाच कॉल टाका. तीन-चार ओळींचं काम आहे. कुणाची फाइल नको, की लायसन्सची कटकट नको.

कॉलबॅकही नाही आणि लूपही तुमचा नाही, तरच उडीचा विचार करा. आणि तेव्हाही फाइल उचलू नका, सायसिग्नल्स हे पॅकेज डिपेंडन्सी म्हणून घ्या. सेज या गणिताच्या सॉफ्टवेअरमधून ते वेगळं काढलेलं आहे. सिग-ऑन आणि सिग-ऑफच्या मध्ये लायब्ररीचा कॉल ठेवायचा. मॅलॉकचा घोळ टाळायला त्यात सिग-मॅलॉक वगैरे फंक्शनं आहेत, पण लायब्ररीने ती वापरली तरच उपयोग. जीएमपी या मोठ्या आकड्यांच्या लायब्ररीला बाहेरून मेमरी फंक्शनं लावून देता येतात, सगळ्यांना येत नाहीत. मेमरी थोडी गळेल हेही धरून चाला, कारण अर्ध्यात सोडलेलं फ्री करायला कुणी नसतं.

आता लायसन्स. सेज जीपीएलखाली आहे (त्यातला कोड घेतला तर तुमचा कोडही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो), सायसिग्नल्स त्याहून सैल अशा एलजीपीएल ३ किंवा पुढच्या आवृत्तीखाली. म्हणजे तीच कल्पना सेजच्या जुन्या फाइलमधून कॉपी केलीत तर जीपीएल गळ्यात पडतं, आणि पॅकेज जोडलंत तर एलजीपीएलवर भागतं. तुमचा रॅपर एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली द्यायचा असेल तर हा फरक मोठा आहे. एलजीपीएल ३ मध्ये हेडरमधल्या मॅक्रोंसाठी वेगळं कलम आहे, तेही वाचा, कारण सिग-ऑन हेडरमधूनच येतं. तुम्हाला दिसलेली फाइल एमआयटी किंवा बीएसडीची असेल तर घ्यायला हरकत नाही, पण कॉपीराइटच्या ओळी आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवावाच लागतो. हेडर कॉमेंट पुसून टाकलेली फाइल मी रिव्ह्यूत पास करत नाही. आणि लायसन्सच न लिहिलेली रिपॉझिटरी दिसली तर तिथून काही घेऊ नका. उघडी दिसते म्हणून ती मोकळी होत नाही.

लायब्ररी कोणती ते प्रश्नात टाका. सी++ची असेल तर वरचा उडीचा भाग विसरा: लाँगजंप डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना आवराआवर करणारं फंक्शन) चालवत नाही, आणि तसले ऑब्जेक्ट मध्ये आले तर पुढे काय होईल याची भाषाच हमी देत नाही. तिथे मी सरळ वेगळी प्रोसेस काढतो आणि थांबवायचं झालं की ती प्रोसेसच मारतो.